पोस्टर, स्टेन्सिल आणि खळ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पॅरिसच्या मे १९६८च्या विद्यार्थी-कामगार आंदोलनातल्या पोस्टरांवर आमच्या कॉलेजात प्रदर्शन आहे. त्याच पद्धतीने, स्क्रीन प्रिंटिंगने (ताणलेल्या जाळीतून शाई कागदावर ओढून), शंभर पोस्टरं छापायला घेतली. पहिल्या आठ-दहा प्रती छान येतात, मग कडा पसरतात आणि बारीक अक्षरं बुजतात. शाई पाण्यात विरघळणारी आहे. काय चुकतंय? (विद्यार्थी गट, कोल्हापूर)

उत्तर : या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. अक्षरं बुजतात ती शाई जाळीतच वाळल्यामुळे. कडा पसरतात त्या शाई पातळ झाल्यामुळे, किंवा जाळी कागदाला चिकटून राहिल्यामुळे. बहुतेक वेळा होतं असं, की बुजायला लागलं म्हणून शाईत पाणी घातलं जातं आणि मग पसरायला लागतं.

आधी जाळीची चौकट बघा. तिच्या चारही कोपऱ्यांखाली साधारण ३ मिमी जाडीचा पुठ्ठा चिकटवा. जाळी फक्त स्क्वीजीच्या (शाई ओढायच्या रबरी पट्टीच्या) पात्याखाली कागदाला टेकावी आणि पातं पुढे सरकलं की मागे लगेच सुटावी. जाळी सैल असेल तर ती सुटत नाही, पुन्हा ताणून घ्या. मोठ्या अक्षरांच्या पोस्टरला इंचाला ११० ते १२० धाग्यांची जाळी पुरते. शाई घट्ट दह्यासारखी हवी. स्क्वीजी एकदाच, सारख्या दाबाने ओढा. दुसऱ्यांदा ओढलीत की कड गेलीच. पात्याची धार गोल झाली असेल तर सपाट फळीवर सँडपेपर ठेवून पातं उभं धरून घासा.

वाळण्यावरचा उपाय पाणी नव्हे. एक प्रत निघाली की चौकट उचला आणि स्क्वीजी हलक्या हाताने उलट फिरवून जाळी शाईने भरून ठेवा, पुढचा कागद सरकवेपर्यंत ती ओली राहते. डोक्यावरचा पंखा बंद करा, छापील प्रती दुसऱ्या खोलीत दोरीवर चिमट्यांनी लटकवा. शाईच्या कंपनीचा रिटार्डर, म्हणजे शाईचं वाळणं लांबवणारं द्रव्य, मिळतो, तो डब्यावर दिलेल्या प्रमाणातच घाला. चहाला उठायचं तर जाळी धुऊनच उठा.

पॅरिसच्या पोस्टरांचा ठसठशीतपणा याच कामातून आलेला आहे. १४ मे १९६८ला विद्यार्थ्यांनी तिथल्या एकोल दे बोझार या कलाशाळेचा ताबा घेतला आणि ‘आतलिए पोप्युलेर’, म्हणजे लोकांची कार्यशाळा, सुरू केली. पहिलं पोस्टर शिळाछापावर निघालं. ते काम फार सावकाश चालायचं, म्हणून गी द रूजमाँ या चित्रकाराने स्क्रीन प्रिंटिंग सुचवलं. कागद बराचसा वर्तमानपत्रांच्या छापखान्यांतल्या उरलेल्या रिळांचा होता. एक रंग, जाड रेषा, चार-सहा शब्द: रात्री छापून सकाळी भिंतीवर लावायचं तर एवढंच शक्य होतं. म्हणून आमचा आग्रह आहे, की तुम्हीही दुसरा रंग घेऊ नका आणि आर्टपेपर तर मुळीच नको. न्यूजप्रिंट शाई पितो, त्या पिण्यातूनच तो मऊ काळा रंग येतो.

प्रश्न : या पोस्टरांखाली चित्रकारांची नावं का नाहीत? प्रदर्शनात आम्ही कोणती लिहावी? (त्याच गटाकडून)

उत्तर : कोणतीच नाही. तिथे रोज सभेत कच्ची चित्रं समोर ठेवली जात आणि दोनच प्रश्न विचारले जात: विचार बरोबर आहे का, आणि पोस्टरातून तो पोचतो का? चर्चेत चित्र बदलायचं, छापायला तिसरेच हात लागायचे. मग सही कोणाची करणार? प्रतींवर फक्त कार्यशाळेचा शिक्का असे. पाटीवर तेच नाव लिहा.

प्रश्न : पाणीप्रश्नावर भित्तिचित्र करतोय. स्टेन्सिल (अक्षरं कापून काढलेला साचा) कापली की अक्षरांची पोटं, म्हणजे आतले बंद भाग, गळून पडतात. इंग्रजी अक्षरांना एवढा त्रास होत नाही. (कलाशिक्षिका, सांगली)

उत्तर : याचं कारण शिरोरेषा. तिच्यामुळे एरवी वरून उघडी राहिली असती ती अक्षरंही बंद होतात. तुमचाच शब्द घ्या, ‘पाणी’. ‘प’चं पोट, ‘ण’चं पोट आणि वेलांटीच्या कमानीखालची जागा, असे तीन तुकडे सुटे होतात. तिन्ही ठिकाणी शिरोरेषेत ५-६ मिमीची फट सोडा, म्हणजे तेवढा भाग कापूच नका. सुटा तुकडा बाकीच्या साच्याला धरून राहतो. शिवाय सलग शिरोरेषा म्हणजे एक लांबच लांब चीर. तिच्याखालचा सगळा भाग लोंबतो आणि रंग आत शिरतो, तेही या फटींमुळे थांबतं. व, ब, क, ठ यांच्या गोल पोटांना शिरोरेषेतली फट उपयोगी पडत नाही. त्यांना बाजूने स्वतंत्र पूल, म्हणजे न कापलेली अरुंद पट्टी, ठेवावा लागतो. ‘ठ’ला दोन ठेवा, एका पुलावर पोट हेलकावतं.

कापायला जुनी एक्स-रे फिल्म उत्तम. स्प्रे २०-२५ सेंमीवरून, तीन हलक्या थरांत मारा. एकाच जाड थराने ओघळ येतोच. स्क्रीनवर कागदी स्टेन्सिल वापरणार असाल तर मात्र पुलांची गरज नाही. सुटा तुकडा जागेवर ठेवायचा, पहिल्याच ओढीत शाईने तो जाळीला चिकटतो.

प्रश्न : पोस्टरांसाठी खळ करते. गुठळ्या होतात आणि दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो. (वाचक, नाशिक)

उत्तर : कोरडा मैदा गरम पाण्यात टाकला की गोळ्याचं बाहेरचं अंग लगेच शिजतं आणि आत पीठ कोरडंच राहतं. एक वाटी मैदा एक वाटी गार पाण्यात आधी मोडून घ्या, मग चार वाट्या उकळत्या पाण्यात धार धरून ओता. मंद आचेवर चार-पाच मिनिटं, पारदर्शक झाक येईपर्यंत ढवळा आणि मलमलीतून गाळा. कोमट झाल्यावर वापरा. भिंतीवर एक हात, कागद, मग कागदावरून पुन्हा एक हात. ब्रश मधून कडांकडे न्या, नाहीतर हवा अडकून फुगे येतात.

टिकवायची असेल तर पुस्तकबांधणीवाले घालतात तसा मोरचूद (कॉपर सल्फेट) घाला, लिटरला अर्धा चमचा पूड. हे विष आहे. स्वयंपाकाचं भांडं वापरू नका. ॲल्युमिनियम आणि लोखंड तर तो खातोच, म्हणून प्लॅस्टिकच्या बादलीत कालवा आणि हातमोजे घाला. दोन दिवसांत संपणार असेल तर मोरचूद नकोच.

लावण्याआधी भिंतीच्या मालकाची लेखी परवानगी घ्या. महाराष्ट्रात १९९५चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायदा आहे आणि तो कागदी पोस्टरालाही लागू होतो.