नागपूरहून रेल्वेने भेडाघाटची एका दिवसाची गाइडेड सहल घ्यावी का?

तुम्ही विचारलंय की नागपूरचा एक टूरवाला रात्रीच्या गाडीने जबलपूरला नेतो, दिवसभर गाइडसोबत भेडाघाट धरून आठ ठिकाणं दाखवतो आणि त्याच रात्री परतीच्या गाडीत बसवून देतो. सोबत सत्तरीतले आई-बाबा आणि दहा वर्षांची मुलगी आहे. तर ही सहल घ्यावी, की आपापलं जावं?

घ्या. पण पैसे भरण्याआधी त्या आठ ठिकाणांपैकी निदान तीन-चार कापायला लावा. भेडाघाटला संगमरवरी कड्यांमधून वाहणारी नर्मदा बघायला आपण अख्खी रात्र गाडीत काढतो आणि तिथे पोहोचल्यावर गाइड घड्याळ दाखवून घाई करतो, हे मी अनुभवलंय. आमच्या टूरमध्ये धुआंधार धबधब्याला जेमतेम अर्धा तास मिळाला, कारण पुढे बरगी धरण गाठायचं होतं. ते जबलपूरच्या दुसऱ्याच बाजूला आहे. जाण्या-येण्यात दुपार बसमध्ये गेली आणि बायामाणसं खिडकीला डोकं टेकून झोपून गेली. धरणच बघायचं तर आपल्याकडे तोतलाडोह आहे, गोसीखुर्द आहे; त्यासाठी नर्मदेवरचा वेळ कशाला घालवायचा?

तुमच्या यादीतलं बरगी धरण काढा, कचनार सिटीची शंकराची मोठी मूर्ती काढा, मदनमहालचा किल्लाही काढा, कारण तिथे चढण आहे आणि आई-बाबांचे गुडघे पुढच्या घाटांसाठी राखून ठेवायला हवेत. मदनमहालच्या पायथ्याशी बॅलन्सिंग रॉक आहे, एका खडकावर दुसरा प्रचंड खडक अगदी थोड्याशा टेकूवर उभा. २२ मे १९९७च्या भूकंपात जबलपुरात घरं पडली, पण हा खडक हलला नाही. रस्त्यावरच आहे, दहा मिनिटं थांबलात तर चालेल. बाकी दिवस तीनच ठिकाणांना द्या, नावेची फेरी, धुआंधार आणि चौसष्ट योगिनीचं देऊळ, आणि संध्याकाळ जबलपूरच्या ग्वारीघाटला.

सकाळी सगळ्यात आधी पंचवटी घाटावर जाऊन नावेत बसायचं. टूरवाले बहुतेक वेळा आधी धुआंधार उरकतात आणि मग ऐन उन्हात नाव करतात. त्या पांढऱ्या दगडावरून ऊन असं परतून येतं की डोळे उघडे ठेवणं कठीण होतं. सकाळी गर्दीही कमी असते. घाटाला पायऱ्या आहेत, त्यामुळे आई-बाबांना एकेका हाताचा आधार द्या आणि लाइफ जॅकेट सगळ्यांनी घाला, आजीनेसुद्धा.

इथले नावाडी हेच खरे गाइड. आमच्या टूरचा गाइड तर काठावरच चहा घेत थांबला होता. नावाडी वल्ही मारता मारता हिंदीत यमकं जुळवत बोलत असतो. कुठला खडक म्हणजे हत्तीचा पाय, पूर्वी दोन्ही कडे इतके जवळ होते की माकडं या बाजूवरून त्या बाजूला उडी मारत म्हणून ती जागा बंदरकूदनी, आणि पुढे भूलभुलैया, जिथे समोर सगळीकडे कडेच दिसतात आणि तो विचारतो की सांगा, आता नदी कुठून जाते? मुलीला विचारू द्या, तिला उत्तर द्यायला मजा येईल. आमच्या नावाड्याने एके ठिकाणी वल्ही आत घेतली आणि बोलणंही थांबवलं. नाव सरकत सरकत कड्याला इतकी जवळ गेली की माझ्या आईने हात लांबवून दगड चाचपला. वर चांगलं ऊन होतं, पण सावलीतला तो दगड माठासारखा गार. पाण्यालगत तो पार गुळगुळीत झालेला, त्यात वाटीएवढे खळगे, त्या खळग्यांत साचलेलं पाणी. वर पाहिलं तर कड्यावर कितीतरी उंच एक मळकट पट्टा होता. पावसाळ्यात पाणी तिथवर चढतं, असं नावाड्याने सांगितलं, आणि आई पुढचा सगळा वेळ त्या पट्ट्याकडेच बघत होती.

नावाडी जे सांगत नाही ते मुलीला तुम्ही सांगा, कारण दहाव्या वर्षी या गोष्टी डोक्यात घट्ट बसतात. हा पांढरा दगड मुळात समुद्राच्या तळाशी साचलेला चुन्याचा गाळ. तो जमिनीत खोल गाडला गेला, उष्णतेने आणि दाबाने त्याचा संगमरवर झाला. वय दीडशे कोटी वर्षांहून जास्त. मधूनच काळपट-हिरवट पट्टे दिसतात, ते पृथ्वीच्या पोटातला तप्त रस भेगांमध्ये घुसून थिजल्याचे. पुढे नर्मदेने याच दगडाला भेगांमधून कापत कापत सुमारे ३ किलोमीटरची घळ केली. कडे १०० फुटांच्या आसपास उंच आहेत. वरच्या बाजूला ऐसपैस पसरलेली नदी इथे अंग चोरून वाहते.

आणि डायनासोर. जबलपूर आणि भेडाघाटच्या मध्ये लम्हेटा घाट आहे. तिथल्या खडकांच्या थरांना भूगर्भशास्त्रात लमेटा हेच नाव पडलं आणि ते जगभर चालतं. भारतात डायनासोरची हाडं पहिल्यांदा सापडली ती जबलपुरात, १८२८ साली, विल्यम स्लीमन यांना. ठगांचा बंदोबस्त करणारे तेच हे स्लीमन. त्यातल्या प्राण्याला १८७७मध्ये रिचर्ड लायडेकर यांनी टायटॅनोसॉरस इंडिकस असं नाव दिलं. या भागात डायनासोरची अंडीही सापडली आहेत. २०२१मध्ये भेडाघाट-लमेटाघाट युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेलं, त्यामागे नुसतं सौंदर्य नाही, हे सगळं आहे.

आपल्या लोकांना हे फार जवळचं आहे आणि आपण ते मुलांना सांगत नाही, याचं मला वाईट वाटतं. हेच लमेटा थर आपल्या विदर्भातही आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला डायनासोरची हाडं मिळाली. तिथले जीवाश्म सुरुवातीला गोळा करणाऱ्यांमध्ये स्टीफन हिस्लॉप होते, ज्यांच्या नावाने आपलं हिस्लॉप कॉलेज आहे. नागपूरच्या टाकळीतूनही त्यांनी जीवाश्म जमवले. या थरांवर नंतर लाव्हा पसरला, तो काळा दगड आपल्या सीताबर्डीच्या टेकडीवर आहे. बर्डीवरून जाताना मुलीला एकदा ती टेकडी दाखवा आणि मग जबलपूरला न्या.

धुआंधारला दीड तास तरी मागून घ्या. पाणी कड्यावरून खाली आदळतं आणि त्याचे तुषार धुरासारखे वर येतात, म्हणून धुआंधार. वाहनतळापासून धबधब्यापर्यंत चालत जावं लागतं, दोन्ही बाजूंना दगडी मूर्ती आणि दिव्यांची दुकानं. यातल्या बऱ्याच वस्तू शंखजिऱ्याच्या असतात, संगमरवराच्या नाहीत. नखाने ओरखडा उठला तर शंखजिरं समजा. तो दगड मऊ असतो, कारागिरी सुंदर असते, जरूर घ्या, फक्त संगमरवराचा भाव देऊ नका. आई-बाबांना गर्दीत कठड्यापाशी उभं राहणं जमणार नसेल तर रोपवे आहे, नदी ओलांडून पलीकडे नेतो आणि वरून सगळा देखावा दिसतो. मुलीचा हात मात्र सोडू नका. कठड्याबाहेरच्या ओल्या दगडावर पाय ठेवून फोटो काढणारे लोक तिथे दिसतील, त्यांचं पाहून कुणी जाऊ नका. तिथली पोरं पैशांसाठी वरून पाण्यात उड्या मारतात. कृपा करून त्यांच्यासाठी नाणी फेकू नका आणि मुलीलाही फेकू देऊ नका.

चौसष्ट योगिनीला शंभरावर पायऱ्या आहेत. आई-बाबांना जमलं तर ठीक, नाही तर त्यांना खाली सावलीत बसवा, कुणीतरी त्यांच्याजवळ थांबा. वर दहाव्या शतकातलं कलचुरी राजांच्या काळातलं गोल आवार आहे, भोवतीने ओळीने योगिनींच्या मूर्ती, बऱ्याचशा भंगलेल्या, आणि मधोमध गौरीशंकराचं देऊळ, ज्यात शंकर-पार्वती नंदीवर बसलेले आहेत. कलचुरींची राजधानी त्रिपुरी म्हणजे आजचं तेवर गाव, जबलपूरहून भेडाघाटला येताना वाटेतच लागतं. १९३९च्या काँग्रेसच्या त्रिपुरी अधिवेशनाचं नाव इथलंच. गाइडला तेवर आलं की सांगायला सांगा. आमच्या गाइडने सांगितलं नाही, गाव निघून गेलं.

आता गाडीचं. नागपूरहून इटारसीमार्गे जबलपूर साधारण ५४० किलोमीटर पडतं, रस्त्याने सिवनीवरून त्याच्या निम्मं. म्हणून लोक म्हणतात की कारनेच जा. पण कारने पहाटे निघून भेडाघाट करून रात्री परत येणं म्हणजे सत्तरीच्या माणसांना दिवसातले दहा तास बसवून ठेवणं. रात्रीच्या गाडीत ते आडवे होतात, सकाळी जबलपूर. अमरावती-जबलपूर एक्स्प्रेस यासाठी सोयीची आहे, आणि परतीची गाडी जबलपूरहूनच सुटते म्हणून मागून उशिरा येण्याची भानगड कमी. तुमच्या बाबांना जबलपूरची छोटी लाईन, म्हणजे नॅरोगेज, आठवत असेल तर त्यांना सांगा की ती २०१५मध्ये बंद झाली आणि आता गोंदिया-बालाघाट-नैनपूर मार्गाने ब्रॉडगेज झालंय. आमच्या घरी त्या छोट्या लाईनचा विषय निघाला की जेवण लांबतं.

तिकिटाची एक गोष्ट मात्र टूरवाल्यावर सोडू नका. खालच्या बर्थचा ज्येष्ठांचा कोटा एका तिकिटावर एक किंवा दोनच पात्र प्रवासी असतील तर मिळतो. पुरुषांना वय ६० आणि बायकांना ४५. टूरवाला सगळ्या ग्रुपचं तिकीट एकत्र काढतो आणि आजोबा वरच्या बर्थवर जातात. आई-बाबांचं तिकीट वेगळ्या पीएनआरवर काढायला सांगा, किंवा तुम्हीच काढून त्याच्याकडून तेवढे पैसे कमी करून घ्या. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, तारीख लवकर ठरवा. निघायच्या दिवशी गाडी कोणत्या फलाटावर लागते ते बघून मग ठरवा की संत्रा मार्केटकडून शिरायचं की मुख्य बाजूने. सामान आणि म्हातारी माणसं घेऊन पूल ओलांडायची पाळी येऊ नये. रात्रीचं जेवण घरून न्या, पोळ्या, कोरडी भाजी, ठेचा. सकाळी जबलपुरात पोहे-जिलेबी मिळते. पोह्यांवर तर्री नसेल, ते आधीच सांगून ठेवा. खोव्याची जिलेबी मात्र खाल्ल्याशिवाय येऊ नका.

टूरवाल्याला हेही विचारा की उतरल्यावर आंघोळ-पांघोळीला खोली देतो का, आणि किती वेळ. आमच्या टूरने एका हॉलमध्ये सगळ्यांना दोन बाथरूम दिल्या होत्या आणि तिथेच सकाळची चांगली वेळ गेली. आई-बाबांसाठी स्टेशनजवळ काही तासांची वेगळी खोली घ्यावी लागली तरी घ्या. संध्याकाळी ग्वारीघाटची नर्मदा आरती आणि मग जेवण करून स्टेशन, असं ठेवलं तर रात्रीच्या गाडीपर्यंतचा वेळ नीट भरतो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा. पावसाळ्यात नावा बंद असतात, आणि पूर आला की धुआंधारही पाण्याखाली सपाट होऊन जातो, धबधबा म्हणून काही दिसत नाही. एप्रिल-मेमध्ये तिथलं ऊन आपल्या नागपूरसारखंच. शरद पौर्णिमेला तिथे नर्मदा महोत्सव असतो, चांदण्यातला भेडाघाट बघायला लोक लोटतात. तो बघायचाच असेल तर मुक्काम करून बघा, रात्रीची गाडी पकडायची असताना नको.

आणि टूरवाला यादी कापायला तयारच झाला नाही तर त्याचा नाद सोडा आणि आपापले जा. भेडाघाट जबलपूरपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. स्टेशनवरून दिवसभरासाठी टॅक्सी ठरवा, वर सांगितलेल्या क्रमानेच न्या म्हणावं, आणि रात्री स्टेशनला सोडण्याचं आधीच बोलून घ्या. चार-पाच माणसांना एक गाडी पुरते आणि आई-बाबांना हवं तिथे, हवं तेवढं बसता येतं.