'रेन' : काळजावर सुरी म्हणजे सहनशीलता?

प्रश्न असा आहे की चिनी सुलेखनाची फ्रेम घेतली, त्यात एकच अक्षर, 'रेन', आणि विकणारा म्हणाला वर सुरी खाली काळीज, म्हणून सहनशीलता. हे खरं का?

अर्थ बरोबर, कारण अर्धवट. अक्षरात खाली हृदय आहे आणि वर धार, हे खरंच (सुरीच्या अक्षराला पात्यावर एक टिंब दिलं की 'धार' होते, मला हे भारी वाटतं). पण धार तिथे आलीये उच्चारासाठी, कारण धारेलाही 'रेन'च म्हणतात, फक्त सूर वेगळा (चिनीत आवाजाच्या चढउताराने शब्द बदलतो). शू शेनने इ.स. 100 च्या आसपास जो कोश केला त्यात हेच दिलंय, अर्थ हृदयाचा आणि आवाज धारेचा. काळजात सुरी रुतली तरी हूं की चूं नाही, ही फोड लोकांनी मागाहून बसवलेली, पण आता चिनी माणसंही मुलांना तसंच समजावतात त्यामुळे विकणाऱ्याला खोटारडा म्हणवत नाही.

हे अक्षर लिहून भिंतीवर लावतात त्यामागे चीनच्या तांग राजघराण्याच्या काळातला एक किस्सा सांगतात. जांग गोंगयी नावाच्या म्हाताऱ्याच्या घरी नऊ पिढ्या एकत्र नांदत होत्या, सम्राट गाओजोंग ताइशान पर्वताच्या वाटेवर तिथे थांबला आणि विचारलं की हे जमतं कसं, तर म्हाताऱ्याने कागद आणि कुंचला मागवला आणि हेच एक अक्षर शंभराहून जास्त वेळा लिहून दिलं. सम्राटाच्या डोळ्यात पाणी आलं म्हणे. नऊ पिढ्या एका घरात म्हटल्यावर माझ्याही आलं असतं!

म्हणून मराठीत मी 'सोशिकपणा' म्हणेन, राग गिळणं त्यात आलंच. 'क्षमा' मात्र नको. कारण या अक्षराला एक कडक बाजू पण आहे, 'त्सानरेन' म्हणजे क्रूर, त्यातला रेन हाच, आपण मन घट्ट करतो ते जरा जास्तच घट्ट झालं की काय होतं ते बघा. आणि जपानीत निंजामधलं पहिलं अक्षरही हेच, तिथे अर्थ लपूनछपून करण्याकडे झुकलाय.

एक गोष्ट तपासून घ्या, कन्फ्यूशियसचा 'रेन' म्हणजे माणुसकी, तो वेगळा, माणूस आणि त्याच्या शेजारी दोनचा आकडा असं अक्षर. सुराच्या खुणा नसल्या की रोमन लिपीत दोन्ही सारखेच दिसतात आणि दुकानात चिठ्ठ्यांची अदलाबदल होऊ शकते. माणुसकीवाल्यात चार रेघा, सोशिकवाल्यात सात.