कामाच्या प्रेशरमध्ये कुणी अंगावर आलं तर स्वतःवर ताबा कसा ठेवायचा? इमोशनल इंटेलिजन्सचा खरंच उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की समोरचा चढ्या आवाजात बोलायला लागला की तुमच्या तोंडून नको ते निघून जातं आणि ऑफिसच्या ट्रेनिंगमधलं काहीच ऐनवेळी आठवत नाही. ऐनवेळी कुणालाच आठवत नाही हो. पण इमोशनल इंटेलिजन्सचा, म्हणजे आपल्या आणि समोरच्याच्या भावना ओळखून त्या सांभाळण्याचा, उपयोग होतो. मी तालुक्याच्या गावी बँकेत कॅशियर आहे, त्यामुळे जे सांगतेय ते काचेच्या आतल्या बाजूचं आहे.

आमच्याकडे रागाचा हिशोब थेट रुपयात होतो. संध्याकाळी कॅश शॉर्ट आली तर ती कॅशियरने पदरची भरायची. आणि घोळ बहुतेक वेळा गर्दीने होत नाही, वाद झाल्यावर पुढचे जे दोनतीन ग्राहक येतात ना त्यांच्या वेळी होतो, कारण ज्याच्याशी वाजलं तो केव्हाच घरी गेलेला असतो आणि आपण इकडे मनातल्या मनात त्याला उत्तरं देत पुढच्याच्या नोटा मोजत असतो.

म्हणून "राग गिळा आणि हसून बोला" हा सल्ला मला अजिबात पटत नाही. जेम्स ग्रॉस नावाच्या मानसशास्त्रज्ञाचं यावर बरंच काम आहे, त्याचा सारांश असा की भावना चेहऱ्यावर दिसू दिली नाही म्हणून शरीरातली खळबळ काही कमी होत नाही, उलट ती दाबण्यात लक्ष अडकतं आणि त्या वेळात काय बोलणं झालं ते नीट लक्षात राहत नाही. कॅशियरला हे परवडणारच नाही.

त्यापेक्षा राग येतोय हे लवकर ओळखायचं. तो डोक्यात शिरायच्या आधी अंगात दिसतो, माझे कान तापतात आणि नोटा मोजायचा स्पीड उगाच वाढतो. तुमचं काय होतं ते तुम्ही बघा. ते जाणवलं की मी हातातलं बंडल खाली ठेवते, नोटा हातात असताना वाद घालायचा नाही हा माझा नियमच आहे, आणि मनात सरळ म्हणते, "मला राग आलाय, कारण हा चार लोकांत मला खोटं पाडतोय." मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मेंदूचं स्कॅनिंग करून दाखवलं होतं की फोटोतल्या चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिला की अमिग्डाला, म्हणजे धोक्याची घंटा वाजवणारा भाग, कमी पेटतो. फक्त "मला राग आलाय" म्हणायचं, "हा माणूसच नालायक आहे" नाही, त्याने राग आणखी चढतो.

आता खोट्या नोटेचं बघा. काका पैसे भरायला येतात, त्यात एक पाचशेची खोटी निघते. नियमाने ती परत देता येत नाही, शिक्का मारून जप्त करायची आणि पावती द्यायची. काका म्हणणार, "तुमच्याच एटीएममधनं आलीय, द्या इकडे!" इथं "नियम आहे" हे पहिलं वाक्य आलं की भांडण पक्कं समजा, आणि "शांत व्हा" तर कधीच म्हणू नका, आजवर ते ऐकून कुणी शांत झालेलं मी पाहिलं नाही. मी आवाज खाली आणते आणि म्हणते, "काका, पाचशे रुपये फुकट गेले की कुणालाही लागणारच. ही परत दिली तर पुढे तुम्हीच अडकाल. पावती देते, बाकीचे पैसे आत्ता जमा करते." आधी त्याचं नुकसान मान्य, मग नियम, मग पुढे काय होणार. राग लगेच जातो असं नाही, पण नोट मागायचं थांबतात.

समोरचा चिडलाय म्हणजे बऱ्याचदा घाबरलाय, हे मला नोटबंदीत कळलं. नोव्हेंबर २०१६ मध्ये बदलून द्यायची मर्यादा आधी ४०००, मग ४५००, मग एकदम २००० झाली, त्यात जिल्हा बँकांना नोटा बदलायला बंदी, म्हणजे सगळं खेडं आमच्या दारात. शिव्या आम्हाला पडायच्या, पण काचेवर डोकं टेकवून ओरडणाऱ्याला "कशासाठी हवेत?" विचारलं की कुणाच्या घरी लग्न, कुणाचं पेशंट दवाखान्यात. पैसे तेवढेच द्यायचे होते, पण ती शिवी माझ्यासाठी नाही हे कळल्यावर हात थरथरायचे थांबायचे.

तरी याला मर्यादा आहेत. तीन वाजून गेले, डबा उघडलेला नाही, तिघांचं काम एकटीवर, अशा वेळी कसली इंटेलिजन्स, आधी चार घास खा. आणि कुणी आईबहिणीवरून बोललं किंवा काचेवर हात आपटला तर मी त्याच्या भावना समजून घेत बसत नाही. ड्रॉवरला कुलूप लावते, उठते आणि मॅनेजर साहेबांना बोलावते, त्यांना त्याचाही पगार मिळतो.