बागेतल्या शिंजिराचा फोटो काळा आणि हललेला का येतो?

घोडबंदर रोडला तळमजल्यावर बाग, ७०-३०० मिमी झूम लेन्स, जास्वंदीवर शिंजीर (फुलातला मध पिणारा चिमुकला पक्षी, सनबर्ड) येतो पण फोटोत नुसता काळा आणि हललेला, असं तुम्ही लिहिलंय.

आधी काळेपणाचं बघू. जांभळ्या शिंजिराच्या नराची झळाळी पिसांच्या बारीक रचनेवरून परतणाऱ्या उजेडाची असते. ऊन तुमच्या पाठीमागून पडलं तरच ती दिसते. पक्ष्याच्या मागून आलं की काळा ठिपका. म्हणून सकाळी पूर्वेकडे पाठ करून बसा, कुंडी समोर. पक्ष्यामागे आकाश येत असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची कॅमेऱ्यातली सेटिंग) +१ करा. मागे गर्द पानं असतील तर -०.७, नाहीतर कॅमेरा सगळंच उजळतो आणि पिसांवरची चमक पांढरीफटक पडते. (पावसाळ्यानंतर नर पिवळट दिसतो, गळ्यापासून पोटापर्यंत फक्त गडद पट्टा. तो दुसरा पक्षी नव्हे.)

फुलावर फडफडताना शटरचा वेग किमान १/१६०० सेकंद, फांदीवर बसला की १/५०० पुरतो. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ३२०० पर्यंत बिनधास्त जाऊ द्या.

खरी मेहनत फांदीवर घ्या. पक्ष्यामागे लेन्स फिरवत बसलात तर हाती पानंच लागतील. जास्वंदीपासून हातभर अंतरावर, पेन्सिलीएवढी जाड आणि खडबडीत सालीची वाळकी फांदी कुंडीत घट्ट रोवा. दोन-चार दिवसांत शिंजीर फुलावर जाण्याआधी तिथे टेकू लागतो. शिंपी पक्षी आणि बुलबुलही येतात. तुम्ही फांदीपासून दोन-अडीच मीटरवर बसा; त्याहून फार जवळ गेलात तर अशा बऱ्याच लेन्स फोकसच पकडत नाहीत. मागची भिंत किंवा झाडं फांदीपासून चार-पाच मीटर लांब हवीत, म्हणजे पार्श्वभूमी मऊ येते. फोकस एकाच बिंदूवर, डोळ्यावर.

एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढू नका, आपल्याकडच्या दमट हवेत काच लगेच धुरकटते. बंद बॅगेतच अर्धा तास बाहेर ठेवा. पावसाळ्यात लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, नाहीतर बुरशी लागते.

घरट्याचे फोटो मात्र नकोत. शिंप्याने शिवलेली पानं जरा बाजूला सारली की कावळ्याला आणि भारद्वाजाला पिल्लं दिसतात. चोचीत अळी धरून पक्षी लांबच ओरडत थांबला, तर तुम्ही फार जवळ आहात. लगेच घरात जा.