‘ग्रुपवर अभ्यास चालू आहे’ म्हणतो, ते खरं मानायचं का?

“मॅडम, पोरगं होळीला घरी आलं होतं. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईलमध्ये तोंड घालून बसायचं. विचारलं की म्हणतंय, ग्रुपवर अभ्यास चालू आहे. असा असतो का कुठं अभ्यास?”

मी समुपदेशक आहे. मार्च महिन्यात एका वडिलांचा मला हा फोन आला. श्रीरामपूर तालुक्यात चार एकर शेती, दोन गाई, स्वतः दहावीपर्यंत शिकलेले. मुलगा नाशिकला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, मेकॅनिकल. इन-सेमला, म्हणजे सत्राच्या मधल्या परीक्षेला, गणिताच्या तिसऱ्या भागात, मुलांच्या भाषेत ‘एम-थ्री’त, ३० पैकी ७ मिळाले होते. मोबाईल वडिलांनीच हप्त्यावर घेऊन दिलेला, आणि त्याचे दोन हप्ते अजून बाकी होते. आपण घेऊन दिलेल्या वस्तूनंच पोराचं वाटोळं केलं, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

हा प्रश्न मला फार्मसीच्या, नर्सिंगच्या, बी.एस्सी.च्या मुलांचे आईवडीलही विचारतात. २०१६मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला, २०२०च्या टाळेबंदीत तर अख्खं कॉलेजच मोबाईलमध्ये येऊन बसलं. तेव्हापासून अभ्यास आणि करमणूक एकाच काचेमागे आहेत, आणि बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून ही एक केस सविस्तर सांगते. मुलाची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्याला सागर म्हणू.

सागर डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेला. या मुलांची अडचण पालकांना सहसा ठाऊक नसते. पदवीचं पहिलं वर्ष त्यांच्या वाट्याला येतच नाही, त्यामुळे एम-वन आणि एम-टू हे दोन्ही विषय हुकतात आणि एकदम एम-थ्री समोर उभा राहतो. त्यात प्रवेशाच्या फेऱ्या लांबतात. सागर वर्गात पोचला तेव्हा शिकवणं महिनाभर पुढे गेलेलं होतं.

पहिल्या भेटीत मी चूक केली, ती आधी सांगते. वडिलांची काळजी माझ्या कानात ताजी होती. सागरशी बोलले, दिवसाचे साडेचार-पाच तास मोबाईलवर जातात हे त्याच्याच मोबाईलनं दाखवलं, आणि मी सरळ सांगून टाकलं : परीक्षा होईपर्यंत सगळ्या ग्रुपमधून बाहेर पड, रात्री आठ ते अकरा मोबाईल रूममेटकडे दे. मुलगा आज्ञाधारक. त्यानं अगदी तसंच केलं.

गुढीपाडव्यानंतर तो न बोलावता आला. चेहरा उतरलेला. “मॅडम, तुम्ही सांगितलं तसं केलं. आता पुस्तक समोर असतं आणि मी पुस्तकासमोर असतो, बस. पहिली ओळ कळत नाही, तर दुसरीला कसा जाऊ?” एका जर्नलच्या सबमिशनची तारीखही हुकली होती, कारण ती फक्त ग्रुपवर आलेली. मी त्याच्या हातातला वेळखाऊपणा काढायला गेले आणि त्याचे सोबती काढून घेतले. तो ग्रुपवर नेमकं काय करतो हे मी विचारलंच नव्हतं. किती वेळ, एवढंच विचारलं होतं.

मग त्याला म्हटलं, ग्रुपमध्ये परत जा आणि पुढच्या वेळी मला तुझ्याबरोबर बसून ते बघू दे. मोबाईल त्याच्याच हातात ठेवला. ग्रुपमध्ये दुसरी मुलंही असतात, त्यांच्या खाजगी गोष्टींशी माझा संबंध नव्हता.

दोन ग्रुप होते. एक वर्गाचा, सत्तरच्या वर मुलांचा. त्यात नोटिसा, वाढदिवस, ‘सबमिशन कधी आहे रे’ पन्नास वेळा, आणि पीडीएफ. सागरच्या मोबाईलमध्ये गणिताच्या शंभराहून जास्त पीडीएफ साठलेल्या होत्या. उघडून बघितलेल्या आठ-दहा. पीडीएफ उतरवून घेतली की अभ्यासाचं काहीतरी केल्यासारखं वाटतं, हे मी कितीतरी मुलांकडून ऐकलं आहे.

दुसरा ग्रुप पाच जणांचा. दोन मुली, तीन मुलगे. कुणीतरी आजारी मैत्रिणीला वहीची पानं पाठवायला सुरू केलेला, मग तसाच राहिलेला. सागरनं तो वर सरकवत नेला आणि मी बघत राहिले. वहीच्या पानाचा फोटो, तिसऱ्या ओळीवर लाल गोल, खाली प्रश्न : ‘इथे मायनस कुठून आला?’ अकरा मिनिटांनी एकीचा व्हॉइस मेसेज. त्यावर ‘अजून नाही कळलं’. मग दुसऱ्या मुलानं तेच गणित वेगळ्या रीतीनं सोडवून टाकलेला फोटो. मग पहिल्या मुलाचं ‘आत्ता ट्यूब पेटली!’ वेळ रात्री पाऊण. वर्गात शिकवणं इंग्रजीत, पुस्तक इंग्रजीत, आणि इथं चाललेलं : ‘ही टर्म तिकडं ने, साइन बदल, मग बघ कसं कटतंय.’ ज्या मुलांनी वर्गात कधी हात वर केला नसेल, ती इथं आपल्या भाषेत एकमेकांना खोदून विचारत होती.

हे वडिलांनी बघायला हवं होतं, असं मला फार वाटलं. अंधाऱ्या खोलीत चेहऱ्यावर निळा उजेड पडलेला मुलगा बाहेरून बिघडलेलाच दिसतो.

पण मग इतक्या चांगल्या ग्रुपमध्ये असून ३० पैकी ७ कसे? मी सागरला म्हटलं, यात तुझे मेसेज दाखव. ‘ओके.’ ‘थँक्स.’ अंगठा. पुन्हा अंगठा. दोन महिन्यांत त्याचा एकही प्रश्न नव्हता.

“का रे?”

बराच वेळ गप्प. मग म्हणाला, “ते सगळे फर्स्ट इयरपासूनचे आहेत मॅडम. मी डिप्लोमावाला. इतकं बेसिक विचारलं तर म्हणतील, हा इथं आलाच कसा.”

त्याच बैठकीत मी त्याला एक व्हॉइस मेसेज ऐकायला लावला, त्यानं आधी तीनदा ऐकलेला. ऐकून झाल्यावर म्हटलं, मोबाईल पालथा ठेव आणि आत्ता जे ऐकलंस ते मला सांग. त्यानं सुरुवात केली, दुसऱ्याच वाक्याला अडखळला. “ऐकताना कळलं होतं, मॅडम.” त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. लबाडी नव्हती ती. ऐकताना खरंच कळल्यासारखं वाटतं.

यावर एक प्रयोग प्रसिद्ध आहे. रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६मध्ये तो प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले होते. सागर तेच पहिल्या पाच मिनिटांचं समाधान घेऊन रोज रात्री झोपत होता.

आणि बरोबरीच्या मुलांकडून शिकण्याबद्दल सांगायचं तर हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर १९९१पासून वर्गातच हे करून घेतात. प्रश्न टाकायचा, प्रत्येकानं आपलं उत्तर ठरवायचं, मग शेजाऱ्याला ते पटवून द्यायचं आणि पुन्हा उत्तर द्यायचं. दुसऱ्या खेपेला बरोबर उत्तरं सहसा वाढतात. कारण साधं आहे : ज्याला एखादी गोष्ट नुकतीच कळली, त्याला आपण कुठं अडलो होतो ते अजून आठवत असतं. वीस वर्षं शिकवणारा माणूस ती जागा विसरून गेलेला असतो. त्या पाच जणांचा ग्रुप मध्यरात्री, कुणीही न सांगता, हेच करत होता. सागर मात्र त्यात नुसता प्रेक्षक होता.

मी त्याला म्हटलं, तुझ्या अभ्यासक्रमातली एक गोष्ट निवड आणि मला समजाव. मला गणित येत नाही, तेव्हा घाई करू नको.

त्यानं एम-थ्रीतलं ‘कर्ल’ निवडलं. सूत्र म्हणून दाखवलं, ‘डेल क्रॉस एफ’. मी विचारलं, म्हणजे काय होतं? गप्प. मी पण गप्प बसले. एक-दोन मिनिटं गेली असतील. मग तो हळूच म्हणाला, “मॅडम, आमच्याकडं आवर्तन सुटलं की पाटाला पाणी येतं. त्यात झाडाचं पान टाकलं ना, तर मधोमध ते सरळ जातं. पण काठाशी टाकलं तर जाता जाता स्वतःभोवती फिरतं. कारण काठाकडं पाणी हळू आणि मधल्या बाजूला जोरात, मग पानाची एक बाजू पुढं ओढली जाते.” थांबला. “हेच आहे की कर्ल. आणि डाव्या काठाला एकीकडं फिरतं, उजव्या काठाला उलटं... म्हणजे साइन बदललं!”

तो खुर्चीच्या टोकावर येऊन बसला होता. लहानपणापासून बघितलेलं पाणी त्याच्या वहीत शिरलं होतं.

“हेच ग्रुपवर टाक.” अंगठा माइकच्या चिन्हावर ठेवून तो किती वेळ नुसता बसला. दोनदा रेकॉर्ड करून पुसलं. तिसऱ्यांदा पाठवलं, पावणेदोन मिनिटांचं. थोड्या वेळानं एका मुलीचं उत्तर आलं : ‘भारी! मग मधोमध कर्ल झिरो का?’ त्या प्रश्नाला उत्तर द्यायला सागरला वही काढावी लागली. वेगाचं सूत्र मांडलं, डेरिव्हेटिव्ह घेतलं, मधोमध शून्य आलं. फोटो काढून पाठवला. माझ्यासमोर त्यानं स्वतःहून सोडवलेलं ते पहिलं गणित.

पुढचं त्यानंच ठरवत नेलं. मोठा ग्रुप म्यूट, दिवसातून दोनदा नोटिसांपुरता बघायचा. छोट्या ग्रुपवर रोज एक तरी प्रश्न विचारायचा, कितीही बेसिक असला तरी. कुणाचा व्हॉइस मेसेज ऐकला की मोबाईल पालथा ठेवून तेच कागदावर उतरवायचं. आणि हे सगळं अकराच्या आत, कारण झोप मोडून केलेला अभ्यास सकाळी डोक्यात राहत नाही. त्यानं सुचवलं तर बाकीचे चौघेही अकराला तयार झाले. त्यांनाही झोप हवी होती, फक्त कुणी म्हणत नव्हतं. एम-थ्री त्याच सत्रात सुटला. गुण थोडेच होते, पण सुटला.

इथे थांबून मुलींच्या पालकांशी थोडं बोलते. ‘ग्रुपमध्ये मुलगे आहेत’ म्हणून मुलीला बाहेर काढलेल्या तीन घरांशी माझं बोलणं झालं आहे. त्या मुलींच्या वह्या अपुऱ्या राहिल्या, शंका तशाच राहिल्या. काळजी असेल तर ग्रुपमध्ये कोण आहे ते तिला विचारा, त्यातल्या एक-दोघींना घरी बोलवा. कुणी नंबर घेऊन त्रास देत असेल तर तिला ते तुम्हाला न घाबरता सांगता आलं पाहिजे, एवढं नातं ठेवा. शिकण्याची जागा काढून घेऊ नका.

आणि प्राध्यापकांना : असा ग्रुप दिसला तर तो ‘अधिकृत’ करू नका. एका ठिकाणी सर ग्रुपमध्ये आले, मग रोज हजेरी सुरू झाली, आठवड्यात मुलं गप्प. चुकीचं बोलायची मुभा गेली की प्रश्नही जातात.

काळजी करण्यासारखं काहीच नसतं, असं मी म्हणत नाही. ग्रुपवर फक्त सोडवलेल्या असाइनमेंटचे फोटो फिरत असतील आणि सगळे ते उतरवून घेत असतील, मूल रात्र रात्र जागत असेल, ग्रुप उघडताना त्याचा चेहरा घाबरा होत असेल, कुणाची टिंगल चालत असेल, तर जरूर बोला. समुपदेशकाकडे या.

सागरच्या वडिलांना मी एवढंच सांगितलं होतं की ‘किती वेळ मोबाईलवर होतास’ हे विचारू नका. ‘आज कुणाला काय समजावलंस’ हे विचारा, आणि मलाही सांग म्हणा. ते म्हणाले, “मला काय कळणार मॅडम त्यातलं?” मी म्हटलं, नाही कळलं तरी ऐका. मला तरी कुठं कळत होतं?

उन्हाळी आवर्तन सुटलं तेव्हा सागर दोन दिवस घरी गेला होता. रात्री पाणी धरायला बापलेक दोघंही शेतात. तिथं वडिलांनी खरंच विचारलं, आणि त्यानं बॅटरीच्या उजेडात पाटात पान टाकून कर्ल समजावलं. वडील उकिडवे बसून बघत राहिले. मग म्हणाले, “काठाला गवत असलं ना, तर लई गरागरा फिरतं ते. सिमेंटच्या चारीत एवढं फिरत नाही. का रं?”

सागरला उत्तर येत नव्हतं. त्यानं तिथल्या तिथं प्रश्न ग्रुपवर टाकला, ‘अण्णा विचारतायत’ असं लिहून. पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवून होईपर्यंत दोन उत्तरं आली होती. एकीनं लिहिलं होतं, हे तर फ्लुइड मेकॅनिक्समध्ये आहे, बाउंडरी लेयर, म्हणजे काठालगतचा हळू वाहणाऱ्या पाण्याचा थर. दुसऱ्यानं लिहिलं होतं, अण्णांना सांग, गवतातलं आणि सिमेंटचं, दोन्हीकडचे व्हिडिओ पाठवायला.

वडिलांनी मोबाईल मागून घेतला आणि बॅटरी सागरच्या हातात दिली.