आदेश दाखवा, मग बोलू

प्रश्न : ताई नमस्कार. मी यावल तालुक्यातला केळीवाला शेतकरी. पीकविम्याचे पैसे अडकले म्हणून आम्ही चार-पाच जणांनी अहिराणीत व्हिडिओ करून यूट्यूब आणि फेसबुकवर टाकला. शिवी नाही, कोणाची जात काढली नाही, नुसत्या तारखा आणि पावत्या दाखवल्या. व्हिडिओ खूप फिरला आणि मग एका पोलीस ठाण्यातून फोन आला, "व्हिडिओ काढी टाक भाऊ, वरतून आदेश शे." घरचे घाबरले, मी काढून टाकला. आता काय करू?

उत्तर : दादा, घरचे घाबरले की माणूस काढतोच, त्याचं मनाला लावून घेऊ नका. पण तो आदेश कुठे आहे? कोणी काढला, कोणत्या कलमाखाली, तुम्हाला दाखवला का? मला या सगळ्या प्रकारात सर्वात जास्त राग येतो तो इथेच, की बोलणाऱ्याला गप्प बसवलं जातं आणि हातात कागदाचा चिटोरासुद्धा मिळत नाही.

कायद्याने रस्ते मुख्य दोन. एक आयटी म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९अ, त्यात केंद्र सरकार मजकूर ब्लॉक करू शकतं, पण कारणं ठरलेली आहेत, देशाची सुरक्षा, सार्वभौमत्व, सार्वजनिक सुव्यवस्था, परराष्ट्र संबंध अशी. विम्याच्या पावत्यांमध्ये यातलं काय आलं? या कलमाच्या २००९ च्या नियमांत तर लिहिणाऱ्याला शोधायचा प्रयत्न करा, त्याचं म्हणणं ऐका असंही आहे, फक्त तातडीचं कारण सांगून ते आधी टाळता येतं आणि त्याच नियमांतला १६ वा नियम सगळं गोपनीय ठेवा म्हणतो, त्यामुळे ज्याचा मजकूर गेला त्यालाच आदेश दिसत नाही. टिळकांवर १९०८ साली खटला झाला, सहा वर्षं मंडालेला धाडलं, तो अन्यायच होता, पण कोणत्या अग्रलेखासाठी आणि कोणत्या कलमाखाली हे त्यांना माहीत होतं आणि कोर्टात उभं राहून त्यांनी स्वतःची बाजू मांडली. आज यावलच्या शेतकऱ्याला तेवढंही मिळू नये?

दुसरा रस्ता त्याच कायद्याचं कलम ७९(३)(ब). यात सरकारी अधिकारी थेट कंपनीला नोटीस देतो की हा मजकूर बेकायदेशीर आहे, काढा, आणि आता हे 'सहयोग' नावाच्या सरकारी पोर्टलवरून चालतं. एक्स (पूर्वीचं ट्विटर) कंपनी त्याविरुद्ध कर्नाटक हायकोर्टात गेली होती, २४ सप्टेंबर २०२५ ला कोर्टाने याचिका फेटाळली. कंपनीला आधी ३६ तास मिळायचे, फेब्रुवारी २०२६ पासून ते ३ तासांवर आणलेत, आणि ३ तासांत कोणती कंपनी अहिराणी समजून घेऊन तुमची बाजू तपासत बसणार हो, ती काढून मोकळी होणार. तरीपण एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. नोव्हेंबर २०२५ पासून पोलिसांकडून अशी नोटीस द्यायची तर खास नेमलेला डीआयजी (पोलीस उपमहानिरीक्षक) किंवा त्याच्या वरचाच अधिकारी लागतो, आणि नोटिशीत कायद्याचा आधार आणि नेमकी लिंक लिहावी लागते. म्हणजे ठाण्यातून आलेला फोन हा आदेश नाही, ते फक्त सांगणं झालं.

पुन्हा फोन आला तर नीट, आवाज न चढवता म्हणा, साहेब लेखी द्या, कलम टाका, मी उत्तर देतो. फोनची तारीख-वेळ आणि नंबर लिहून ठेवा, मूळ व्हिडिओ आणि पावत्या दोन ठिकाणी सेव्ह करा. हजर राहायची लेखी नोटीस आली तर मात्र टाळू नका, वकील घेऊन जा. आणि पावत्या खऱ्या असतील, कोणाचं नाव घेऊन पुराव्याशिवाय आरोप केला नसेल, तर माझं सरळ मत आहे, व्हिडिओ परत टाका.

प्रश्न : ताई, मी साक्री तालुक्यातला शिक्षक. तुम्ही नेहमी बोलण्याच्या स्वातंत्र्याचं लिहिता, पण राईनपाड्याला काय झालं ते आम्ही जवळून पाहिलंय. मोबाईलवरच्या अफवेने पाच माणसं मेली. सरकारला सगळं ताबडतोब बंद करायचा अधिकार असायलाच हवा, त्यात काय चुकलं?

उत्तर : सर, राईनपाडा खान्देशात कोणी विसरू नये. १ जुलै २०१८, आठवडे बाजाराचा दिवस, मुलं पळवणारी टोळी आली अशी अफवा, आणि नाथपंथी डवरी गोसावी समाजातली, भिक्षा मागून पोट भरणारी पाच माणसं ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारली. तुमची भीती खरी आहे आणि ती मी हलक्यात घेत नाही.

पण ती अफवा कशावर फिरत होती ते बघा. व्हॉट्सअ‍ॅपच्या मेसेजवर, आणि ते मेसेज दोन्ही टोकांना कुलूपबंद असतात, कंपनीलाही वाचता येत नाहीत. म्हणजे गुपचूप ब्लॉक करायचा अधिकार वाढवला तर उघड्यावर टाकलेला विम्याचा व्हिडिओ पटकन सापडतो आणि गावच्या ग्रुपवरची अफवा तशीच पळत राहते. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल असं ठरवलं, तो लगाम मला मान्य आहे कारण तो वेगाला आहे, मताला नाही. कमी पडलं ते वेगळंच, अशा अफवा तेव्हा देशात ठिकठिकाणी फिरत होत्या, तर गावोगाव, अहिराणीत, पावरीत, भिलीत ओरडून सांगायला हवं होतं की हे खोटं आहे.

आणि सर, हे सांगणार कोण? सरकारच. मग सरकारच्या शब्दावर लोकांचा विश्वास हवा. जे सरकार शेतकऱ्याची खरी तक्रार पण गायब करतं, ते उद्या जीव तोडून सांगेल की ही अफवा आहे, कोणी ऐकायचं? केंद्राने २०२३ मध्ये तर नियमच केला होता की केंद्राच्या कामकाजाबद्दल काय खोटं ते केंद्राचंच फॅक्ट चेक युनिट ठरवणार, तो मुंबई हायकोर्टात टिकला नाही. आधी दोन न्यायमूर्तींचं मत वेगवेगळं पडलं, मग तिसरे न्यायमूर्ती चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ ला तो घटनाबाह्य ठरवला. सरकारने खुलासा रोज करावा, दिवसातून दहा वेळा करावा, पण स्वतःबद्दलच्या बातमीचा न्यायाधीश स्वतःच होऊ नये. मारा-कापा म्हणणाऱ्यावर गुन्हा जरूर दाखल व्हावा, त्याला कलमं आहेत, आणि तो गुन्हा उघड असतो, कोर्टात तपासता येतो. मला भांडायचंय ते न दिसणाऱ्या आदेशाशी.

प्रश्न : मी अमळनेरची, आमच्या गल्लीच्या ग्रुपची अ‍ॅडमिन. सणाच्या आधी पोलिसांची नोटीस आली की ग्रुपवर काही आक्षेपार्ह आलं तर तुम्ही जबाबदार. दुसऱ्याने टाकलेल्यासाठी मला आत टाकतील का ताई? ग्रुपच बंद करू का?

उत्तर : बंद नका करू गं. ही बहुतेक नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची नोटीस असेल, पूर्वी १४९ ची म्हणायचे, ती ताकीद आहे, गुन्हा दाखल झालेला नाही. आणि मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच सांगितलंय की दुसऱ्या मेंबरने काही टाकलं म्हणून नुसता अ‍ॅडमिन गुन्हेगार होत नाही, त्यात त्याचा सामाईक इरादा दिसायला हवा. नोटिशीची कॉपी जपून ठेव, कोणी भडकाऊ टाकलंच तर डिलीट कर, त्याला काढ, स्क्रीनशॉट ठेव. नोटिशीवर आयटी कायद्याचं ६६अ कलम (ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराचं) छापलेलं दिसलं तर लगेच वकिलाला दाखव, ते कलम सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ लाच रद्द केलंय. पालघरच्या दोन मुलींना २०१२ मध्ये फेसबुक पोस्ट आणि लाइकवरून अटक झाली होती ना, त्याच्यानंतरच तर ते प्रकरण कोर्टात गेलं.

आणि कोणी म्हणालं की सरकारवर टीका चालणार नाही, तर त्याला कोल्हापूरच्या प्राध्यापकाचं सांग. कलम ३७० हटवल्याचा निषेध व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला ठेवला म्हणून गुन्हा झाला होता, मार्च २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला आणि सरकारच्या निर्णयावर टीका करायचा नागरिकाला हक्क आहे असं सांगितलं.

प्रश्न : शिरपूरला माझं दुकान आहे, निम्मा धंदा यूपीआयवर. कोल्हापूर, अमरावतीसारखं आपल्याकडे नेट बंद केलं तर जाब कोणाला विचारायचा?

उत्तर : राज्याच्या गृह विभागाला. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२० मध्ये काश्मीरच्या प्रकरणात सांगितलं की नेटबंदीचा आदेश प्रसिद्ध केलाच पाहिजे, नेटवरून बोलणं आणि धंदा करणं दोन्हीला घटनेचं संरक्षण आहे. नेटबंदीच्या २०२४ च्या नियमांत कारण, भाग आणि मुदत लिहावी लागते, आणि मुदत १५ दिवसांच्या वर नाही. आदेश प्रसिद्ध झाला नसेल तर माहिती अधिकारात मागा, व्यापारी मंडळींनी मिळून मागा म्हणजे एकट्यावर येणार नाही. गल्ल्यावरचा रोजचा हिशोब ठेवा, नेट चालू असतानाचा आणि बंद असतानाचा. जळगाव, धुळे, नंदुरबार या आपल्या तिन्ही जिल्ह्यांसाठी मुंबई हायकोर्टाचं छत्रपती संभाजीनगरचं (औरंगाबाद) खंडपीठ आहे, तिथे जायची वेळ आलीच तर पहिल्यांदा हीच कागदं लागतील.