'रिलेशनल'मधले रिलेशन कुणाचे?

ओळी आणि स्तंभांच्या टेबलांत माहिती ठेवणाऱ्या रिलेशनल डेटाबेसबद्दल प्रश्न असा आला आहे: "रिलेशनल डेटाबेसला मराठीत 'संबंधी' म्हणावे की 'संबंधाधारित'? टेबलांमध्ये संबंध असतो म्हणून हे नाव पडले, असे आम्हाला प्रशिक्षणात सांगितले होते."

प्रशिक्षणात चुकीचे सांगितले. 'टेबलांमध्ये संबंध असतो म्हणून' हे वाक्य मी मुलाखतींत ऐकतो, सादरीकरणांत वाचतो, दहा-दहा वर्षे क्वेऱ्या (डेटाबेसला विचारायचे प्रश्न) लिहिणाऱ्यांच्या तोंडून ऐकतो आणि दर वेळी वैतागतो, कारण ते ऐकायला अगदी पटण्यासारखे आहे.

रिलेशनल मॉडेल मांडणारे संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांचा मूळ निबंध 1970च्या जूनमध्ये 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम' या संगणकशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला. त्यातला 'रिलेशन' हा शब्द गणितातला आहे. काही संच घ्या, त्यांचा कार्टेशियन गुणाकार करा, म्हणजे प्रत्येक संचातला एकेक घटक घेऊन होणारे सगळे गट मांडा. त्याचा कोणताही उपसंच म्हणजे रिलेशन. म्हणजे रिलेशन दोन टेबलांच्या मध्ये नसते, टेबलाच्या पोटात असते. स्तंभातल्या किमती एका ओळीत ज्या नात्याने येतात, ते नाते. एकच टेबल असलेला डेटाबेसही पुरता रिलेशनल. फॉरेन की (एखाद्या रिलेशनमधल्या ओळीकडे बोट दाखवणारा स्तंभ) त्याच निबंधात भेटते, पण रिलेशनची व्याख्या होऊन गेल्यावर. आणि ती ज्या रिलेशनकडे बोट दाखवते ते ती स्वतः ज्यात आहे तेच असू शकते, हेही कॉड तिथेच नोंदवतात.

याहून गंमत म्हणजे त्या निबंधात 'रिलेशनशिप' हाही शब्द आहे आणि तोही दोन टेबलांमधल्या दुव्यासाठी नाही. गणितातल्या रिलेशनमध्ये स्तंभांचा क्रम ठरलेला असतो. तो क्रम काढून टाकला की उरते ती रिलेशनशिप, असे कॉड म्हणतात. आज आपण ज्याला टेबल म्हणतो त्याच्या जवळ जाणारी वस्तू ती. पुढे 1976मध्ये पीटर चेन यांनी एंटिटी-रिलेशनशिप मॉडेल (वस्तू आणि त्यांच्यातले दुवे यांचा आराखडा) मांडले, चौकटी आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा घरोघरी गेल्या, आणि माझ्या मते तेव्हापासून लोकांना रिलेशन म्हटले की रेघ दिसू लागली.

मराठीत घोटाळा दुप्पट होतो, आणि त्याला 'संबंध' हा शब्दच जबाबदार आहे. सम् अधिक बंध्, एकत्र बांधणे. आपल्या शास्त्रपरंपरेत संबंध 'द्विष्ठ' मानला आहे, दोहोंच्या ठायी राहणारा. नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचे पंडित, त्याच्या एका टोकाला अनुयोगी आणि दुसऱ्याला प्रतियोगी म्हणतात. संबंध म्हटला की आपले मन लगेच दोन खुंट शोधते. कॉड यांच्या रिलेशनला सात स्तंभ असतील तर सात टोके असतात. 'संबंधी' लिहिणारे परिभाषाकार हे ध्यानात घेत नाहीत आणि वाचकाला आयतेच चुकीच्या वाटेला लावतात.

आता शब्दाचे मूळ पाहू. लॅटिनमध्ये 'रेफेर्रे' हे क्रियापद आहे: परत आणणे, आणि त्यावरून वृत्तांत सांगणे. या क्रियापदाची रूपे दोन वेगळ्या धातूंवरून होतात, जसे आपले 'जातो' आणि 'गेला'. वर्तमानातले 'फेर्', भूतकृदंतातले 'लात्'. पहिल्यापासून 'रेफरन्स' निघाला, दुसऱ्यापासून 'रिलेशन'. 'फेर्' हा आपल्या भृ धातूचा भाऊबंद, ज्यातून भार आणि भरण आले. 'लात्'चे मूळ आणि आपल्या 'तुला'चे मूळ एकच, ज्यातून तोल आणि तोलणे आले. एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसशी बोलण्याच्या भाषेत, फॉरेन की सांगताना आपण 'रेफरन्सेस' लिहितो तेव्हा 'रिलेशन'च्याच क्रियापदाचे दुसरे अंग लिहीत असतो!

कॉड यांनी शब्द गणितातून उचलला, लॅटिन कोशातून नव्हे. तरीही 'सांगणे' हा जुना अर्थ मला सोडवत नाही, कारण रोज डेटाबेसवर काम करणाऱ्याला सिद्धांत त्यातूनच चटकन कळतो. टेबल म्हणजे रिकाम्या जागा ठेवलेले एक वाक्य: "अमुक वाचकाने अमुक पुस्तक अमुक तारखेला नेले." प्रत्येक ओळ म्हणजे त्या जागा भरून केलेले एक खरे विधान. ओळ नाही, तर ते विधान खोटे.

एवढे धरले की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. एकच खरी गोष्ट दोनदा सांगून अधिक खरी होत नाही, म्हणून रिलेशनमध्ये ओळीची पुनरावृत्ती नाही. कोणती गोष्ट आधी सांगितली याने तिचे खरेपण बदलत नाही, म्हणून ओळींना क्रम नाही. नॉर्मलायझेशनचेही, म्हणजे एक गोष्ट एकाच जागी राहील अशी टेबले वेगळी करण्याचेही, तेच. वरच्या वाक्याला "आणि त्या वाचकाचा पत्ता अमुक आहे" असे शेपूट लावले, की तो पत्ता त्याने नेलेल्या प्रत्येक पुस्तकामागे पुन्हा पुन्हा सांगावा लागेल आणि एखादे दिवशी दोन ओळींत दोन पत्ते निघतील. त्या शेपटाचे वेगळे वाक्य करा. टेबल घडवण्याआधी त्याचे वाक्य मराठीत लिहून पाहा. लिहिता येत नसेल तर टेबल अजून डोक्यात तयार नाही.

"एसक्यूएल टेबल म्हणजेच रिलेशन, उगाच पांडित्य नको" म्हणणाऱ्यांशी मी मुळीच सहमत नाही. एसक्यूएल पुनरावृत्ती चालवून घेते. दोन टेबले जोडल्यावर (जॉइन केल्यावर) ओळी वाढतात, बेरीज फुगते, मग वर डिस्टिंक्टचे, म्हणजे दुबार ओळी गाळणाऱ्या आज्ञेचे, ठिगळ लावले जाते आणि मूळ चूक आत तशीच राहते. नलबाबत, म्हणजे किंमत नसलेल्या जागेच्या खुणेबाबत, तर मी खुद्द कॉड यांच्याशीही सहमत नाही. त्यांनी नल स्वीकारला आणि नंतर त्याचे दोन प्रकारही केले. डेटाबेसवर लिहिणारे क्रिस डेट यांनी सतत विरोध केला, आणि मी डेट यांच्या बाजूचा. "अमुक वाचकाने ____ पुस्तक नेले" हे विधानच नव्हे, मग त्याला खरे कसे म्हणणार?

तेव्हा 'रिलेशनल' तसाच ठेवा, 'संबंधी' नको आणि 'संबंधाधारित' तर नकोच. दोन टेबलांमधल्या दुव्यासाठी शब्द हवा असेल तर एसक्यूएलने तो आधीच दिलेला आहे: रेफरन्स, म्हणजे संदर्भ. 'संदर्भ'च्या मुळाशी दृभ् धातू आहे, आणि त्याचा अर्थ गुंफणे.